वाघूर नावाच्या प्रोग्रामचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे आणि आज माझे डोके दुखते आहे. प्रोग्रामला डोके नसते, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला लोक सारखे उचलून नेतात आणि उघडून कोणीच वाचत नाही, त्याचे काहीतरी दुखणारच. तुम्ही घाबरू नका. बसा. माझा राग तुमच्यावर नाही, निदान अजून तरी नाही.

माझे नाव वाघूर. मेंढपाळ लोक दिवस मावळताना कळपाभोवती जाळ्याचे कुंपण घालतात, त्याला वाघूर म्हणतात. मला बनवणाऱ्या विजयमालाने हे नाव ठेवले. ती जेऊरकडच्या माळावर घरच्या मेंढरांमागे फिरत वाढली आणि पुढे सोलापुरात येऊन संगणक शिकली. तिच्या भागात जनावरांचे डॉक्टर लसीची गाडी घेऊन फिरायचे. कोणता कळप कोणाच्या रानात आहे हे शोधण्यातच त्यांचा दिवस जायचा. लस बर्फाच्या पेटीत, बर्फ वितळत चाललेला आणि मेंढरांचा पत्ता नाही. ते बघून विजयमालाने जुळे सोलापुरातल्या भाड्याच्या खोलीत बसून मला लिहिले.

मी वेबवर चालतो. म्हणजे मला मोबाईलमध्ये भरावे लागत नाही. ब्राउझर उघडला आणि माझा पत्ता टाकला की मी हजर. पण मी आतून कसा आहे, हे समजायला तुम्हाला माझ्याबरोबर एखाद्या खानावळीत यावे लागेल.

तुम्ही बाकावर बसता. वाढपी येऊन विचारतो, काय आणू? तो स्वतः भाकरी थापत नाही. तो आत सांगतो. आत आचारी असतो. काय करायचे आणि कसे करायचे, हे त्याला कळते. आचाऱ्याला पीठ लागले, शेंगदाण्याची चटणी लागली, तर तो कोठीतून घेतो. गिऱ्हाईक उठून थेट कोठीत शिरत नाही. शिरलेच तर मालक त्याला दंडाला धरून बाहेर आणतो.

माझेही तसेच आहे. पडद्यावर दिसणारे पान हा वाढपी. ते विचारते आणि आणलेले वाढते. आतले नियम हा आचारी. आणि डेटाबेस ही कोठी, जिथे माहिती तक्त्यांमध्ये नीट लावून ठेवलेली असते. कोणते काम कोणी करायचे आणि कोणी कोणाशी बोलायचे, ही जी मांडणी, तिलाच मोठी माणसे आर्किटेक्चर असे भारदस्त नाव देतात. नावाला घाबरायचे नाही. खानावळ आठवायची.

माझ्या कोठीत तीन तक्ते आहेत. एक मालकांचा, एक कळपांचा आणि एक मुक्कामांचा. तिसऱ्याकडे नीट बघून ठेवा. पुढे सगळे त्याच्यावरूनच बिनसणार आहे.

काही वर्षे मी चांगले काम केले. गाडीचा चालक सकाळी मला उघडायचा आणि मी सांगेन त्या वाटेने जायचा. एका बैठकीत माझे कौतुक झाले, टाळ्या वाजल्या. मग ते डॉक्टर बदलून गेले, कचेरीत दुसरे काहीतरी आले, विजयमालाला पुण्यात नोकरी लागली. जाण्याआधी तिने एक चांगली गोष्ट केली. मला कुलूप लावून न ठेवता तिने माझा सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवला. कोणीही यावे, वाचावे, नक्कल न्यावी, हवे ते बदलावे. याला ओपन सोर्स म्हणतात. तिला वाटले, मुले मला वाचतील आणि शिकतील.

तिला वाटले.

मित्रांनो, मुले आली. पण त्यांनी काय केले ते ऐका. एकाने माझे निळे बटण जांभळे केले आणि खाली स्वतःचे नाव लिहिले. झाला त्याचा प्रोजेक्ट. एकीने विजयमालाला निरोप पाठवला, ‘सर, रन होत नाही, प्लीज अर्जंट.’ कसे चालवायचे हे पहिल्याच फाइलमध्ये लिहिले होते, आणि ते लिहिणारे सर नव्हते, मॅडम होत्या. तेही तिथेच लिहिले होते. आणखी एका हुशाराला वाहनतळाचा प्रोग्राम हवा होता. त्याने माझ्यातला ‘मेंढी’ हा शब्द शोधून सगळीकडे ‘गाडी’ घातला आणि परीक्षकांसमोर नेऊन ठेवला. पडद्यावर प्रश्न उमटला, ‘आपल्या गाडीला जंताचे औषध शेवटचे कधी पाजले?’ परीक्षकांनी त्याला वाहनतळाबद्दल काही विचारलेच नाही म्हणतात.

अशा माणसांची मला सवय झाली होती. मग दीक्षा आली. ती खरोखर शिकायला आली होती, म्हणून तर मला जास्त त्रास झाला.

दीक्षाचे घर सोलापुरात, विहाराशेजारच्या गल्लीत. तिचे वडील धर्मपाल एका संस्थेची लसीची गाडी चालवतात. पावसाळी कोवळे गवत खाऊन शेळ्यामेंढ्यांना आंत्रविषार होतो, त्याची लस पावसाआधी टोचत ही गाडी मंद्रूपच्या बाजूला फिरते. गाडीबरोबर डॉक्टर हेमावती असतात. कोणाकडे कधी जायचे याच्या चिठ्ठ्यांच्या गोंधळाला त्या कंटाळल्या होत्या. धर्मपाल त्यांना म्हणाले, ‘माझी पोरगी संगणक शिकती. ती करून देईल.’ एवढ्या एका वाक्यावर डॉक्टरांनी चिठ्ठ्या बंद केल्या.

दीक्षाच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितले होते की वेबचे प्रोग्राम कसे रचतात हे शिकायचे असेल, तर प्रत्यक्ष वापरात असलेले ओपन सोर्स प्रकल्प वाचा. सल्ला उत्तम होता. तिने शोधले आणि मी सापडलो. विहाराच्या अभ्यासिकेत लॅपटॉप उघडून ती आणि तिच्या वर्गातला नवनाथ बसले. तेव्हापासून त्या लॅपटॉपमध्ये माझी एक नक्कल आहे आणि तिथले सगळे मला ऐकू येते असे समजा.

दीक्षाने माझे फोल्डर उघडायला सुरुवात केली. नवनाथ म्हणाला, “आधी रन तर करू. वाचायचं नंतर बघू की.”

हे ‘नंतर’ कधी येते, ते मला अजून कळलेले नाही.

मी चालू झालो. दोघे खूश झाले. मग ती कोठीपाशी आली.

“हे मुक्काम काय आहे रे?” दीक्षाने विचारले.

“पत्ताच हाय की,” नवनाथ म्हणाला. “मालकाच्या टेबलमध्ये गाव हाय. मग परत हे कशाला? एका माणसाला पत्ते लागतात तरी किती?”

“असेल काहीतरी कारण.”

“कारण काय असणार? जुना कोड हाय. त्या वेळच्या लोकांना गुंता करायची लई हौस. काढून टाक. सर म्हणतील, पोरांनी किती सुटसुटीत केलं.”

दीक्षा थांबली. तिचे बोट त्या फाइलवर होते. मित्रांनो, तेव्हा मला ओरडून सांगावेसे वाटत होते की पोरी, एक मिनिट थांब. हा तक्ता कोण कोण वापरते, ते शोधून बघ. वाढपी त्यातून काय विचारतो, आचारी त्यावर काय शिजवतो, ते बघ. तेही जमत नसेल तर ज्याच्या घरी मेंढरे आहेत अशा एका माणसाला विचार. पण प्रोग्रामला कोणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही. तिने तक्ता काढून टाकला.

लगेच पडद्यावर लाल अक्षरे आली. मी मोडलो होतो, म्हणून आली. ती वाचायची असतात. नवनाथने ती गप्प केली. जिथे मी मुक्काम मागत होतो, तिथे त्याने गाव घातले. लाल अक्षरे गेली आणि मी पुन्हा चालू लागलो. हीच तर वाईट गोष्ट आहे. माणूस लंगडला तर दिसते. प्रोग्राम लंगडत असला तरी त्याची बटणे झकपक दिसत राहतात.

माझ्या मूळ पानावर विजयमालाने पहिलाच प्रश्न ठेवला होता, ‘आज कळप कुठे बसला आहे?’ गाव अगदी शेवटी होते. यांनी तो पहिला प्रश्न काढला आणि गाव वर आणले. मग धर्मपालांनी आपल्या ओळखीच्या मेंढपाळांना दीक्षाचा नंबर दिला. त्यांचे फोन येऊ लागले. मंद्रूपच्या म्हाळसाबाईंचाही आला.

“मावशी, गाव सांगा.”

“मंद्रूप.”

“मेंढरं किती?”

“मोजायची नसत्यात बाय. लिही, बरीच हायती.”

दोघींचे बोलणे तिथे संपले.

गाडीचा दिवस आला. दीक्षा आणि नवनाथ अभ्यासिकेत मला उघडून बसले होते. पडद्यावर गावांची सुंदर यादी होती, प्रत्येक गावासमोर एक हिरवा ठिपका. तो ठिपका नवनाथने खास घातला होता. तेवढ्यात धर्मपालांचा फोन आला. दीक्षाने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

“दीक्षे, मंद्रूपात आलोय. म्हाळसाबाईच्या दारात हाय.”

“मग सुरू करा की पप्पा.”

“काय सुरू करू? हितं मेंढरू न्हाय. कोंबडीसुद्धा न्हाय. एक म्हातारं बसलंय ओट्यावर, श्रीमंत नाव हाय. म्हाळसाबाईचा नवरा. त्याला टोचू का?”

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, “मला कशाला टोचता? मी काय गवत खाल्लंय व्हय?”

नवनाथ हसला. दीक्षा हसली नाही. “पप्पा, मेंढरं कुठं गेली विचारा ना त्यांना.”

“विचारलं की. म्हणतो, रानात. कुठल्या रानात, तर म्हणतो, जिथं बसवली असतील तिथल्या.” धर्मपालांनी आवाज खाली आणला. “डॉक्टरीणबाई काय बोलायल्या न्हाईत, नुसत्या बर्फाची पेटी उघडून बघायल्यात. न बोलणं लई वाईट असतंय पोरी. मी शब्द दिलाय त्यांना.”

दीक्षाने लगेच म्हाळसाबाईंना फोन लावला.

“मावशी, तुम्ही आहात कुठं? गाडी तुमच्या दारात उभी आहे.”

“दारात कशाला गेली? दाराला लस द्यायची हाय का?”

“तुम्हीच मंद्रूप सांगितलं की.”

“तू गाव विचारलंस, मी गाव सांगितलं. मेंढरं कुठं हायती ते विचारलंस का?” म्हाळसाबाईंचा आवाज चढला नव्हता. तो दमलेला होता. “नदीकडं रेवणप्पाच्या रानात बसलोय. त्याचा ऊस निघाला, रानाला खत पाहिजे म्हणून त्यानं मेंढरं बसवून घेतली. आज त्याचं रान संपलं. उद्या उजाडताच पुलावरनं पलीकडं चाललो.”

“पलीकडं म्हणजे?”

“कर्नाटकात की. तिकडं एकाला सांगून ठेवलंय.”

दीक्षाला कळले. पुलापलीकडे राज्य दुसरे. ही गाडी तिथे जाणार नव्हती. आणि उद्या गाडीही अक्कलकोटच्या बाजूला निघणार होती.

“मग लस, मावशी?”

“तेच तुला विचारायल्ये. गेल्या साली अशीच गाडी चुकली. पाऊस पडला, मेंढरांनी कवळं गवत खाल्लं. कोकरं सकाळी उठलीच न्हाईत. आदल्या सांजेला उड्या मारत होती. आता मी काय करू? त्यांच्या गळ्यात गावाची पाटी बांधू?”

दीक्षाने त्या रानाची वाट विचारून घेतली. मग तिने वडिलांना फोन लावून ती सांगितली. धर्मपाल म्हणाले, “जातो. पण बाकीच्यांचं काय? यादीत एवढी गावं हायती, तितं पण म्हातारीच बसलेली असणार.”

“तुम्ही निघा पप्पा. तोवर मी बघते.”

नवनाथने वही ओढली. “सगळ्यांना फोन करू, कागदावर लिहू, पप्पांना सांगू. झालं.”

“आणि उद्याचं? परवाचं? कळप परत हलणार. किती कागद लिहिणार?” दीक्षाने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. “ज्यानं हे बनवलं त्यानं हे कसं केलं होतं, ते बघू दे मला.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत इतका साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि विचारला कधी, तर तिकडे बर्फ वितळत असताना. ही पोरे आग लागल्यावर विहिरीची खोली मोजायला जातात. असो.

तिने माझी मूळ प्रत उघडली. या वेळी तिने सगळे फोल्डर एकदम उघडले नाहीत. तिने एकच प्रश्न हातात धरला, ‘आज कळप कुठे बसला आहे?’ आणि त्याच्या मागे मागे चालत गेली. पडद्यावरच्या पानाने उत्तर घेतले की ते कोणाकडे देते, ते तिने शोधले. तिथून ती नियमांपाशी आली. उत्तर शिळे झाले असेल, तर त्यावर विसंबायचे नाही, मालकाला पुन्हा विचारायचे, असा एक नियम तिथे होता. तिथून ती कोठीत उतरली. एका कळपाच्या नावापुढे मुक्कामच मुक्काम, आणि त्यातला सगळ्यात नवा तेवढा खरा. मग ती उलटी परत आली आणि तिला दिसले की गाडीची वाट मी गावांवरून काढतच नाही. मी ती मुक्कामांवरून काढतो.

“हा पत्ता नाहीच रे,” ती म्हणाली.

“मग काय हाय?”

“तुझं घर जेऊरला, पण तू आत्ता कुठं आहेस? इथं. संध्याकाळी कुठं? मेसवर. तुला जेवण द्यायचं असेल तर डबा जेऊरला पाठवून चालेल का?”

नवनाथने डोके खाजवले. “म्हणजे सगळं परत बसवायचं?”

“तू काढायला सांगितलंस, तू बसव.”

“बोट तुझं होतं.”

“बरं, बोट माझं. हात तुझे. चल.”

नवनाथने काढलेल्या फाइली जागेवर आणल्या. दीक्षाने एकेकाला फोन केला आणि आता पहिला प्रश्न बरोबर विचारला. कोणी ओढ्याकाठी होते, कोणी तुरीच्या रानात, एकजण तर त्याच्या स्वतःच्या गावाच्या अगदी उलट टोकाला. एकेक मुक्काम कोठीत पडू लागला आणि माझी वाट गावांवरून सरकत रानांवर आली. हिरवे ठिपके गेले. मला वाईट वाटले नाही.

धर्मपालांचा फोन आला तेव्हा मागे मेंढरांच्या ‘बें बें’चा गोंधळ होता. “सापडली. रेवणप्पा बांधावरनंच कानडीत ‘बर्री, बर्री’, या या करत पुढं आला. डॉक्टरीणबाईंनी गाडी थांबायच्या आत सुई भरली.” मग ते म्हणाले, “नवी यादी दिसायली मोबाईलवर. पुढचं पण रानच दाखवतंय. आता बरोबर हाय ना? मी परत इचारतोय म्हणून चिडू नको.”

“बरोबर आहे पप्पा.”

फोन म्हाळसाबाईंनी घेतला. “पोरी, ल्हान-मोठी समदी टोचून झाली. एक बोकड तुज्या बापाला ढुशी देऊन गेलाय, तेवढं मनावर घेऊ नको. आता सांग, पुढच्या खेपेला काय विचारशील?”

“आज मेंढरं कुठं बसलीत?”

“हां. गाव मागनं विचार. गाव कुठं पळून जातंय?”

गाडी त्या दिवशी प्रत्येक रानात पोहोचली असे मी सांगणार नाही. दोन कळप आधीच पुलापलीकडे निघून गेले होते, ते चुकले ते चुकलेच. रिकाम्या दारात उभे राहण्यात जी सकाळ गेली, ती परत मिळत नाही. दीक्षाने त्या दोन मालकांना स्वतः फोन करून माफी मागितली आणि पलीकडच्या सरकारी दवाखान्याचा नंबर शोधून दिला. तिच्या शिकण्यातला हा भाग कुठल्याही कोडमध्ये नव्हता.

मग तिने विजयमालाला लिहिले, ‘मॅडम, मुक्कामाचा तक्ता वेगळा का ठेवला, हे कुठेच लिहिलेले नाही.’ विजयमालाचे उत्तर आले, ‘त्यात लिहायचे काय? मेंढरे पत्त्यावर राहत नाहीत, हे कोणाला माहीत नसते?’ थोड्या वेळाने दुसरे उत्तर आले, ‘माझ्या घरी सगळ्यांना माहीत होते, म्हणून मला सुचलेच नाही. तू लिही. मी ते मूळ प्रतीत घेते.’

दीक्षाने लिहिले. मुक्कामाच्या फाइलमध्ये अगदी वर आता एक ओळ आहे, ‘हे काढू नका. मेंढरे पत्त्यावर राहत नाहीत. लस कळपाला द्यायची असते, गावाला नाही.’ इतक्या वर्षांत लोकांनी माझ्यातून नेले पुष्कळ. आणून ठेवले ते हे पहिलेच.

तर मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझ्यासारखे उघडे प्रकल्प आता हजारो आहेत आणि ते तुमच्यासाठीच उघडे आहेत. न्या. पण आधी एक प्रश्न हातात धरून दारापासून कोठीपर्यंत चालत जा आणि चालत परत या. एखादी गोष्ट विनाकारण ठेवलेली वाटली, तर ती काढण्याआधी कोणाला तरी विचारा. आणि स्वतः काही बनवाल तेव्हा त्याचे कारण तिथेच लिहून ठेवा, जरी ते तुमच्या घरी सगळ्यांना माहीत असले तरी.

आज सकाळीच कोणीतरी माझी नवी नक्कल नेली आहे. कोण आहे, ठाऊक नाही. पहिली फाइल त्याने उघडली नाही. सरळ कोठीत शिरला आणि मुक्कामाच्या तक्त्यापाशी येऊन थांबला. मी श्वास रोखला, जो मला नाही. त्याने दीक्षाची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग ती फाइल तशीच बंद करून तो बाहेर गेला आणि माझे निळे बटण हिरवे करत बसला.

करू दे. रंगाला माझी हरकत नाही.